गार हातांचा जमाखर्च

कुणाच्या हाताला चव असते, कुणाच्या हाताला यश असतं, कुणाचा हात सढळ असतो. माझा हात गार असतो. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला तो जो गार पडतो, तो होळीच्या आसपास माणसात येतो. पायांचंही तेच. काउंटरवर एखाद्या ओळखीच्या ग्राहकाने प्रेमाने हात हातात घेतला, की तो दचकून विचारतो, ‘‘साहेब, बरं आहे ना?’’ लग्नात पाणिग्रहणाच्या वेळी माझा हात हातात आल्यावर आमच्या हिने मैत्रिणीला हळूच सांगितलं होतं, ‘‘घाबरलेत गं!’’ ती भीती होती की रक्ताभिसरणाचा दोष होता, याचा निकाल पंधरा वर्षांत लागलेला नाही.

दोष माझा एकट्याचा नाही, भाषेचाही आहे. मराठीत धीर सुटला की माणसाचे हातपाय गार पडतात. म्हणजे ज्याचे हातपाय मुळातच गार, तो जन्मजात भित्रा असं गृहीतच धरलेलं. बरं, उपाय विचारावा तर आमच्या घरातलं सगळं औषधशास्त्र उष्णतेविरुद्ध! सब्जा उष्णतेवर, गुलकंद उष्णतेवर, तळपायाला काशाची वाटी घासायची तीही उष्णतेवर. मी आजीपुढे गार पाय केले तेव्हा ती म्हणाली, ‘‘भाग्यवान आहेस. लोक यासाठी वाटी घासतात.’’

हे भाग्य मला निफाडकडच्या एका शाखेत नडलं. निफाडची थंडी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना जास्त सांगायला नको. तिथे द्राक्षं गारठू नयेत म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. कॅशियरसाठी कोणी शेकोटी पेटवत नाही. नोटा मोजायचं यंत्र असतं, पण चिकट, दुमडलेल्या नोटा पाहिल्या की ते संपावर जातं आणि मग बोटं आणि ओला स्पंज हेच खरं. डिसेंबरातल्या अशाच एका सकाळी माझी दोन बोटं मेणबत्तीसारखी पांढरी झाली. नोटा दिसत होत्या, हाताला लागत नव्हत्या. संध्याकाळी मेळ बसेना. दोन हजारांची तूट! पाचशेच्या चार नोटा कुणाच्या तरी पुडक्यात जादा गेल्या होत्या. त्या मी खिशातून भरल्या. हेडकॅशियर म्हणाले, ‘‘लक्ष कुठं होतं तुमचं?’’ लक्ष जागेवर होतं हो, रक्त नव्हतं!

डॉक्टरांनी बोटं उलटसुलट करून पाहिली, रक्त तपासायला पाठवलं आणि म्हणाले, ‘‘रेनो.’’ मला वाटलं, नवी मोटार घेताहेत. मग कळलं की मॉरिस रेनो नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८६२ साली पॅरिसमध्ये आपल्या प्रबंधात या दुखण्याचं वर्णन केलं. थंडी लागली किंवा मनाला ताण बसला की बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात. बोट आधी पांढरं, मग निळं आणि ऊब आली की लाल. तिन्ही रंग फ्रान्सच्या झेंड्याचे, क्रम तेवढा वेगळा. माझ्या बाबतीत भिण्यासारखं काही नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण असं म्हटलं की माझे हातपाय आणखी गार पडतात. म्हणून मी या रक्ताचा आजवरचा हिशोब मुळापासून तपासायचं ठरवलं. कॉमर्सच्या माणसाला दुसरं येतं काय?

या हिशोबाची पहिली वही गेलनची. हा दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य, पुढे रोमच्या बादशहाच्या पदरी होता. त्याचं म्हणणं असं, की खाल्लेल्या अन्नाचं यकृतात रक्त होतं, ते शरीरभर जातं आणि तिथेच खर्ची पडतं. म्हणजे रोज नवी आवक, रोज पूर्ण खर्च, परत काहीच येणे नाही. शिवाय हृदयाच्या उजव्या कप्प्यातून डावीकडे रक्त कसं जातं, तर मधल्या भिंतीला न दिसणारी भोकं आहेत, असं त्याने ठोकून दिलं. आमच्याकडे मेळ बसला नाही की ‘सस्पेन्स खातं’ उघडतात, त्यातलाच प्रकार. युरोपात ही वही जवळजवळ चौदाशे वर्षं चालली. ऑडिट नाही, काही नाही.

भिंतीला भोकं नाहीत, रक्त फुप्फुसांतून फिरून डावीकडे येतं, हे पहिल्यांदा लिहिलं ते इब्न अल-नफीस या वैद्याने, १२४२ साली. त्याच्या त्या हस्तलिखिताकडे आधुनिक अभ्यासकांचं लक्ष गेलं ते बर्लिनच्या एका ग्रंथालयात, १९२४ साली. अर्ज १२४२ चा, दखल १९२४ ला! आकडेसुद्धा जवळपास तेच, फक्त जागा बदललेल्या. माझ्या बदलीच्या अर्जाबद्दल त्यानंतर मी तक्रार केलेली नाही.

खरा ऑडिटर आला तो इंग्लंडमध्ये. विल्यम हार्वे. इटलीत पदुआला शिकला, पुढे राजाचा वैद्य झाला आणि १६२८ साली त्याने फ्रँकफुर्टला अवघ्या बहात्तर पानांचं पुस्तक छापलं. त्यात त्याने केलं काय, तर बेरीज-गुणाकार! हृदयाच्या एका ठोक्याला अर्धा औंस, म्हणजे सुमारे पंधरा ग्रॅम रक्त बाहेर पडतं असं धरा. अर्ध्या तासात ठोके हजार तरी पडतात. म्हणजे अर्ध्या तासात पाचशे औंस, पंधरा किलोच्या वर. अहो, अख्ख्या माणसात रक्त असतं पाच लिटरच्या आसपास! एवढं रक्त दर अर्ध्या तासाला तयार करायला माणूस खाणार किती? आणि खर्च होतं म्हणावं तर ते जिरणार कुठे? तेव्हा उत्तर एकच. रक्त नवं येत नाही, तेच परत येतं. हार्वेने ठोक्याचा आकडा फार जपून धरला होता. विश्रांती घेत पडलेल्या माणसाचं हृदयसुद्धा एका मिनिटात सुमारे पाच लिटर रक्त फिरवतं.

हे वाचून मी खुर्चीतून उठलोच. वीस वर्षं मी हेच पाहतो आहे! सकाळी खिडकीतून दिलेली, कोपऱ्यावर शाईचा डाग असलेली नोट संध्याकाळी किराणा दुकानदाराच्या भरण्यात परत येते. गावात पैसा फार नसतो, तो फिरतो म्हणून फार वाटतो. अर्थशास्त्राच्या पुस्तकात भेटलेला केने हा तर पंधराव्या लुईच्या दरबारचा डॉक्टर. देशात पैसा कसा फिरतो याचा तक्ता त्याने १७५८ साली मांडला. परीक्षेत मी त्याच्यावर टीप लिहिली होती, पण हा गृहस्थ नाडी पाहणारा होता हे आत्ता लक्षात आलं.

मला आणखी एका गोष्टीचं समाधान वाटलं. हार्वेच्या पुराव्यात गार हाताची साक्ष आहे. दंडाला पट्टी घट्ट आवळली की खालचा हात हळूहळू गार पडतो. पट्टी थोडी सैल केली की हातात रक्त एकदम भरतं आणि शिरा टरारून फुगतात. रक्त आत येतं खोलच्या धमन्यांतून, परत जातं वरच्या शिरांतून. सैल पट्टीने परतीची वाट तेवढी अडते. धमनीतून शिरेत ते जातं कसं, हे मात्र हार्वेला दिसलं नाही. त्या केसासारख्या बारीक वाहिन्या माल्पिघीने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाने पाहिल्या १६६१ साली, हार्वे जाऊन चार वर्षं झाल्यावर.

पुस्तक छापल्याचा फायदा हार्वेला काय झाला? जॉन ऑब्री नावाच्या त्याच्या परिचितानं लिहून ठेवलंय की त्याची प्रॅक्टिस बसली, लोक त्याला चक्रम म्हणू लागले. ताळा बरोबर निघाला म्हणून ऑडिटरला कोणी पेढे देत नाही. हाच ऑब्री सांगतो, की म्हातारपणी संधिवाताने पाय दुखू लागले की हार्वे कडाक्याच्या थंडीत गच्चीवर उघड्या पायांनी बसायचा, पाय बादलीभर पाण्यात बुडवायचा आणि गारठून अर्धमेला झाला की शेगडीपाशी पळायचा. रक्ताभिसरण शोधलेल्या माणसाचेही पाय गारच!

आणखी एक हकीकत ऑब्रीने हार्वेच्याच तोंडची दिली आहे. १६४२ च्या ऑक्टोबरात एजहिलला लढाई झाली. एड्रियन स्क्रोप नावाचा सरदार जखमी होऊन पडला. मेला समजून लोकांनी त्याचे कपडेही काढून नेले. रात्री हिम पडलं आणि त्या थंडीनेच त्याचा रक्तस्राव थांबला. मध्यरात्री तो शुद्धीवर आला आणि उबेसाठी त्याने शेजारचं प्रेत अंगावर ओढून घेतलं. तो जगला.

ही हकीकत वाचली आणि बोटांवरचा माझा राग उतरला. १८५१ साली क्लोद बर्नारने सशाच्या मानेतली एक नस कापली, तर त्या बाजूचा कान गरम झाला. म्हणजे रक्तवाहिन्या आवळायचा हुकूम नसांतून सुटतो. गारठा आला की हुकूम निघतो : लांबच्या शाखांची रोकड कमी करा, हृदय आणि मेंदू सांभाळा. थंडीत सगळ्यांचंच असं होतं. माझं हेडऑफिस जरा लवकर घाबरतं, एवढंच. आणि शाखा अगदी वाऱ्यावर सोडत नाहीत. बोटं बर्फाच्या पाण्यात धरली तर काही मिनिटांनी वाहिन्या थोड्या उघडतात, पुन्हा मिटतात, हे टॉमस लुइसने १९३० साली दाखवलं.

हे मला चार वर्षं आधी कळायला हवं होतं. वडील हॉस्पिटलात होते. शेवटच्या रात्री नर्सबाईंनी त्यांची पावलं चाचपली आणि म्हणाल्या, ‘‘पाय गार पडलेत. घरच्यांना बोलावून घ्या.’’ मी घाबरलो. पायांत ऊब आली की माणूस परत येईल, अशी माझी समजूत. पहाटेपर्यंत मी पायथ्याशी बसून पाय चोळत राहिलो. मोजे घातले, शाल गुंडाळली, पुन्हा चोळत राहिलो. शरीर तिकडे लांबच्या शाखा बंद करून हृदय आणि मेंदू चालू ठेवायची शिकस्त करत होतं आणि मी बंद खिडकीवर थापा मारत बसलो होतो. उशाशी बसून चार शब्द बोलायचे राहिले ते राहिलेच. त्यांचेही हात जन्मभर गार. लहानपणी ताप आला की मी आईला बाजूला सारून त्यांचा हात कपाळावर मागायचो.

आता मी डॉक्टरांचं ऐकतो. नुसते हातमोजे नव्हे, आधी अंगात स्वेटर, कारण मधली ऊब टिकली तर टोकाकडे रोकड सुटते. हातमोजे गारठल्यावर नव्हे, बाहेर पडायच्या आधी. बधिर बोटं विस्तवाशी धरायची नाहीत, भाजलेलं कळत नाही. विडी-सिगरेट बंद, तिने वाहिन्या आणखी आवळतात. आणि बोटाला जखम होऊन ती भरेना, किंवा एकाच हाताला हा त्रास व्हायला लागला, तर घरगुती उपाय गुंडाळून तडक डॉक्टर गाठायचा.

परवा धाकटीला ताप आला. ही पट्ट्यांसाठी मिठाचं पाणी करायला उठली, तर पोरगी म्हणाली, ‘‘पट्टी नको. बाबांचा हात ठेवा.’’

ठेवला. पायथ्याशी नाही, उशाशी बसून. तासाभराने तिचा ताप उतरला आणि माझ्या हाताला ऊब आली. दोन्ही खाती जुळली.