शेपू, सेलेरी आणि ग्राइप वॉटरची बाटली

हल्ली लातूर-नांदेडकडेही "डॉक्टर, सकाळी सेलेरीचा रस घेऊ का?" असं विचारणारे पेशंट भेटतात. ही सेलेरी काही परकी नाही. शेपू, कोथिंबीर, ओवा, गाजर यांच्या भावकीतलीच ती. १७५३ मध्ये लिनियसने वनस्पतींना शास्त्रीय नावं दिली, तेव्हा सेलेरी आणि शेपू या दोघांच्याही नावात 'ग्रॅव्हिओलेन्स' आलं. अर्थ, उग्र वासाचं. शेपू म्हटलं की नाक मुरडणाऱ्या पोरांना हे लगेच पटेल.

युरोपात रानटी सेलेरी आधी औषध होती, चवीला कडू. पुढे तिकडच्या माळ्यांनी देठांना मातीची भर देऊन ऊन अडवलं, कडूपणा कमी झाला आणि ती ताटात आली. आपल्या शेपूने मात्र दोन्ही घरं सांभाळली. पाला मूगडाळ घालून भाकरीबरोबर, आणि बी बाळंतिणीसाठी. म्हणून तर तिचं नाव बाळंतशोपा. संस्कृतात ही शतपुष्पा. स्त्रिया आणि बालकांचे आजार सांगणाऱ्या काश्यपसंहितेत शतपुष्पा व शतावरीवर वेगळा अध्याय आहे.

आपल्याकडे बाळंतशोपा आईला. इंग्लंडात तिचं तेल थेट बाळाच्या तोंडात गेलं. नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड या औषधविक्रेत्याने १८५१ मध्ये ग्राइप वॉटर काढलं. मुलांच्या हिवतापावर दिलं जाणारं एक मिश्रण तान्ह्यांचं रडणंही थांबवतं, यावरून त्याला ते सुचलं. त्यात शेपूच्या बियांचं तेल, खायचा सोडा, पाणी, साखर आणि जुन्या कृतीत ३.६ टक्के अल्कोहोल! बाळ गप्प होण्यात शेपूचा वाटा किती आणि बाकीच्यांचा किती, हे कोणतीही आजी सांगेल.

पुढे अल्कोहोल गेलं, बाटली राहिली. तान्ह्या बाळाचं संध्याकाळचं रडणं साधारण सहाव्या आठवड्याला सर्वांत जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. तोवर दोन-तीन बाटल्या संपलेल्या असतात आणि श्रेय त्यांना मिळतं. पण सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काही नको. ग्राइप वॉटर नको, घुटी, मध, साखरपाणीही नको. उन्हाळ्यात, टँकरच्या पाण्यात धुतलेल्या चमच्यातून जुलाब कसे लागतात, ते आम्ही बघतो. आणि रडण्याबरोबर ताप, हिरवी उलटी, शौचात रक्त, दूध न ओढणं किंवा सुस्ती असेल तर बाटली शोधत बसू नका, बाळाला लगेच दवाखान्यात आणा.

बाळंतिणीने शेपू जरूर खावा. त्याने दूध वाढतं याला पक्का पुरावा नाही, पण पालेभाजी म्हणून तो चांगलाच.

आणि सेलेरीचा रस? ती जवळपास ९५ टक्के पाणीच. किडनीचा आजार असेल किंवा वॉर्फरिन चालू असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका. बाकीच्यांनी हौस म्हणून घ्यायला हरकत नाही, फक्त बीपी-शुगरच्या गोळ्या त्यापायी बंद करू नका.