सिलिकोसिस : ओट्याच्या दगडामागची धूळ

परदेशांतील स्वयंपाकघरांत ओट्यासाठी लोकप्रिय असलेल्या ‘क्वार्ट्झ’ या कृत्रिम दगडात स्फटिकी सिलिकाचे प्रमाण बहुधा ९० टक्क्यांहून अधिक असते. ग्रॅनाइटमध्ये ते बरेच कमी असते. दगड कापताना उडणारी सूक्ष्म धूळ श्वासावाटे फुप्फुसांत खोलवर शिरते व तेथे कायमचे व्रण निर्माण करते. हाच सिलिकोसिस. तो बरा होत नाही. धुळीचा संपर्क थांबल्यावरही बळावू शकतो. बसवलेला ओटा वापरणाऱ्यांना हा धोका नसतो. तो कारागिराच्या वाट्याला येतो.

अमेरिकेच्या ‘ओशा’ या कामगार सुरक्षा यंत्रणेने २०१६ मध्ये आठ तासांच्या पाळीसाठी हवेच्या प्रत्येक घनमीटरमागे सरासरी ५० मायक्रोग्रॅम ही कमाल मर्यादा निश्चित केली. प्रतिबंधाचा मान्य क्रम असा : प्रथम घातक साहित्यच टाळणे, मग पाण्याच्या धारेखाली कापणी व धूळ शोषणारी यंत्रे, मुखवटा हा अखेरचा उपाय. ऑस्ट्रेलियाने पहिलीच पायरी स्वीकारून १ जुलै २०२४ पासून अशा दगडाच्या वापरावर बंदी घातली. अन्यत्र ही निवड अद्याप मालक व ग्राहक यांच्याच हाती आहे.