पोलिसांच्या ताब्यातला माणूस ‘पळून गेला’, तर उत्तर कोणी द्यायचं?

2 डिसेंबर 2002 ला मुंबईत घाटकोपरला बसमध्ये स्फोट झाला. त्या प्रकरणात पोलिसांनी महिनाअखेरीस ख्वाजा युनूसला पकडलं. तो मूळचा परभणीचा, 27 वर्षांचा, दुबईत नोकरी करणारा इंजिनिअर. जानेवारी 2003 च्या पहिल्या आठवड्यात पोलिसांनी सांगितलं की, औरंगाबादला नेताना पारनेरजवळ जीपला अपघात झाला आणि युनूस पळाला. त्यानंतर तो कोणालाही दिसलेला नाही. मृतदेहही सापडला नाही.

सोबत अटक झालेल्या एका आरोपीने मात्र न्यायालयात सांगितलं की, कोठडीत युनूसला पट्ट्याने मारहाण होताना आणि तो रक्त ओकताना आपण पाहिलं. पळून जाण्याची गोष्ट रचलेली आहे, असं सीआयडीच्या तपासातही पुढे आलं.

सक्तीने बेपत्ता करणं म्हणजे काय?

संयुक्त राष्ट्रांनी 20 डिसेंबर 2006 ला यावर स्वतंत्र करार स्वीकारला. त्यानुसार सरकारी यंत्रणेने किंवा तिच्या संमतीने कोणी माणसाला उचललं आणि मग ते नाकारलं किंवा त्याचा ठावठिकाणा लपवला, तर तो गुन्हा. युद्ध, आणीबाणी, दहशतवाद यांतलं कुठलंही कारण चालत नाही. ‘वरून आदेश होता’ हेही नाही.

इथे खुनाच्या खटल्यातली मोठी अडचण टळते. मृतदेह नसेल तर खून सिद्ध करणं अवघड. बेपत्ता करण्याच्या गुन्ह्यात मात्र ठावठिकाणा लपवणं हाच गुन्हा आहे आणि तो लागेपर्यंत गुन्हा चालूच मानला जातो. आपल्या भारतीय न्याय संहितेत असा स्वतंत्र गुन्हा नाही.

सरकारवर नेमकी बंधनं कोणती?

गुप्त कोठड्या नकोत, ताब्यातल्या प्रत्येकाची नोंद हवी, तक्रार नसली तरी संशय आला की तपास करायचा. मला यातली सगळ्यात महत्त्वाची वाटते ती वेगळीच अट: संशयितांना तपासावर दबाव आणता येईल अशा जागी ठेवायचं नाही.

युनूस प्रकरणात काय झालं ते बघा. सीआयडीने 14 पोलिसांची नावं घेतली, सरकारने खटल्याची परवानगी दिली ती फक्त चौघांविरुद्ध. म्हणजे ज्यांच्यावर आरोप, त्यांच्यावर खटला चालवायचा की नाही हे त्यांच्याच सरकारने ठरवायचं. उरलेल्या 10 जणांसाठी युनूसची आई उच्च न्यायालयात गेली. 2012 मध्ये न्यायालयाने भरपाई 20 लाख रुपये ठरवली, पण ती मागणी फेटाळली.

चौघांपैकी सचिन वाझे 2004 मध्ये निलंबित झाले आणि 2020 मध्ये पुन्हा सेवेत आले. (पुढचं अँटिलिया प्रकरण आठवत असेलच.) 2018 मध्ये विशेष सरकारी वकिलांनी आणखी चार पोलिसांना आरोपी करण्याचा अर्ज दिला. त्यानंतर सरकारने त्या वकिलांनाच खटल्यातून काढलं. घटनेला 20 वर्षं झाली तेव्हाही निकाल लागलेला नव्हता.

भारत या कराराला बांधील आहे का?

पूर्णपणे नाही. 6 फेब्रुवारी 2007 ला, करार सह्यांसाठी खुला झाला त्याच दिवशी, भारताने सही केली. अनुमोदन मात्र दिलेलं नाही. पण नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने 1979 मध्येच मान्य केलाय. जीविताचा हक्क आणि बेकायदा अटकेविरुद्ध दाद देण्याचं बंधन त्यात आहे.

मग घरच्यांनी काय करायचं?

समजा, दहिवलीतल्या एका तरुणाला रात्री साध्या वेशातल्या लोकांनी नेलं आणि ठाण्यात उत्तर मिळालं, ‘आमच्याकडे नोंद नाही.’ अटक झाली असेल तर प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावं लागतं. 1996 च्या डी. के. बसू निकालानुसार नातेवाइकालाही कळवावं लागतं. तसं झालं नाही, तर मुंबई उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे ‘माणूस हजर करा’ अशी याचिका करता येते.

‘आम्ही त्याला सोडलं’ हे उत्तर दरवेळी पुरतंच असं नाही. मणिपूरमध्ये 1982 ला लष्कराने नेलेल्या दोघांबाबत सरकारने हेच सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही आणि 1984 मध्ये दोघांच्या पत्नींना प्रत्येकी एक लाख रुपये द्यायला लावले. ते दोघे परत आले नाहीत.