बजबज मार्गावर ट्यूबलेस : रोड बाइकच्या टायरची निवड आणि देखभाल

कोलकात्याच्या नैऋत्येस, हुगळीच्या पूर्व तीरावर वसलेले बजबज हे तेलसाठ्यांचे आणि तागगिरण्यांचे जुने गाव आहे. १९१४ साली 'कोमागाता मारू' जहाजाच्या प्रवाशांवर येथे झालेल्या गोळीबारामुळे त्याचे नाव इतिहासात नोंदले गेले. तारातला, महेशतला, बाटानगर या वस्त्यांतून बजबजला पोहोचणारा आणि पुढे नदीकाठच्या अछिपूरकडे जाणारा मार्ग जवळपास सपाट आहे. सायकलस्वाराची येथे परीक्षा होते ती चढावर नव्हे, तर रस्त्याच्या कडेला. टँकर आणि मालमोटारींच्या वाहतुकीमुळे काच, खडी आणि लोखंडाचा चुरा कडेला साचतो. त्यातच मालमोटारींच्या फाटलेल्या टायरमधून सुटलेल्या केसासारख्या बारीक पोलादी तारा असतात. सायकलचा टायर पंक्चर करण्यात या तारांचा वाटा मोठा असतो आणि त्या डोळ्यांना सहसा दिसत नाहीत.

अशा रस्त्यांसाठी ट्यूबलेस टायरचा पर्याय योग्य ठरतो. मात्र मोटारसायकलीच्या ट्यूबलेस टायरचा अनुभव येथे जसाच्या तसा लागू होत नाही. मोटारसायकलीचा टायर जाड असतो आणि त्यातील हवेचा दाब साधारण २ बारच्या आसपास असतो. खिळा रुतला तरी जाड रबर त्याला धरून ठेवते आणि हवा हळूहळू जाते. रोड बाइकचा टायर पातळ असून त्यात ४ ते ६ बार इतका दाब असतो. त्यामुळे केवळ ट्यूब काढून टाकल्याने काहीच साधत नाही. टायरमध्ये सीलंट नावाचा द्रव घालावा लागतो. बहुतेक सीलंट रबराच्या चिकापासून तयार केलेले असतात व त्यात बारीक कण मिसळलेले असतात. छिद्रातून हवेबरोबर हा द्रव बाहेर पडू लागतो, कण छिद्रात अडकतात आणि चीक साकळून भोक बुजते. दाब जितका अधिक, तितके हे काम अवघड होते. मोठ्या छिद्रातून दाब ३ ते ४ बारपर्यंत उतरल्यावरच गळती थांबते, असा अनुभव अनेकदा येतो. अशा वेळी स्वाराने घाबरून न जाता चाक फिरते ठेवावे.

हवेच्या टायरचा व्यवहारातील इतिहास सायकलपासूनच सुरू होतो. जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ साली बेलफास्ट येथे आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी केलेल्या प्रयोगातून तो व्यवहारात आला. त्यांच्या नावाच्या कंपनीचा टायर कारखाना १९३६ साली याच हुगळीच्या काठी, कोलकात्याच्या उत्तरेस साहागंज येथे सुरू झाला. तो बंद पडून आता बरीच वर्षे झाली आहेत. रोड बाइकसाठी ट्यूबलेस पद्धत मात्र बरीच उशिरा आली. शिमानो आणि हचिन्सन या कंपन्यांनी ती २००६ साली बाजारात आणली.

निवड टायरपासून नव्हे, रिमपासून करावी लागते. रिमवर 'ट्यूबलेस रेडी' असे नमूद नसेल तर त्यावर हा प्रयोग करू नये. साध्या रिमवर टायरची कड घट्ट बसत नाही आणि वेगात असताना ती सुटली तर स्वार रस्त्यावर आदळतो. ट्यूबलेस रिमचेही दोन प्रकार आहेत. एका प्रकारात रिमच्या भिंतींना आतल्या बाजूने टायरची कड अडकवणारा हूक असतो, तर दुसऱ्यात भिंत सरळ असते. सरळ भिंतीच्या, म्हणजे हूकविरहित रिमवर ५ बार, अर्थात सुमारे ७२ पौंड, ही दाबाची कमाल मर्यादा आहे. जुन्या सवयीने १०० पौंड हवा भरणाऱ्यांसाठी ही मर्यादा प्राणरक्षक ठरते. अशा रिमवर त्यासाठी मान्य केलेला टायरच बसवावा लागतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील शर्यतीत बेल्जियमचे टॉमस डी गेंट यांचा टायर रिमवरून सुटला आणि ते कोसळले, तेव्हा हा वाद जगभर पेटला. त्यांच्या रिमची आतील रुंदी २५ मिलिमीटर होती आणि टायर २८ मिलिमीटरचा होता. रिम व टायरच्या रुंदीचा मेळ उत्पादकाच्या तक्त्यात पाहूनच खरेदी करावी. तक्ता नसेल तर ती खरेदी न केलेली बरी.

बजबजसारख्या मार्गासाठी २५ मिलिमीटरपेक्षा २८ किंवा ३० मिलिमीटरचा टायर अधिक उपयुक्त आहे. अर्थात सायकलच्या चिमट्यात तेवढी जागा असली पाहिजे. सुमारे ७० किलो वजनाच्या स्वाराला २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये साधारण ४.५ बार दाब पुरतो, आणि मागच्या चाकात पुढच्यापेक्षा किंचित अधिक. दाब कमी ठेवता येणे हा ट्यूबलेसचा दुसरा लाभ आहे. ट्यूब रिमच्या कडेवर चिमटली जाऊन फाटण्याचा प्रश्नच उरत नाही. अतिवेगवान म्हणून विकले जाणारे अतिशय हलके टायर या रस्त्यावर टिकत नाहीत. थोडे जड, पण मजबूत आवरणाचे टायरच येथे घ्यावेत.

टायर बसवताना सर्वाधिक काळजी रिमच्या पट्टीची घ्यावी. ती आतील रुंदीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर रुंद आणि सुरकुतीविना लावलेली असावी. आरशांसारख्या गुळगुळीत दिसणाऱ्या पट्टीखालूनही आऱ्यांच्या भोकांतून हवा निसटते, आणि दोष मात्र टायरला दिला जातो. टायरच्या कडेला साबणाचे पाणी लावून एकदम जोराची हवा दिली की कड आवाज करून जागेवर बसते. साध्या हातपंपाने हे सहसा जमत नाही. पेट्रोलपंपावरील हवा वापरायची झाल्यास वॉल्व्हचा अडॅप्टर जवळ ठेवावा आणि दाबावर लक्ष ठेवावे.

सीलंट एकदा भरले की काम झाले, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. २८ मिलिमीटरच्या टायरला ३० ते ४० मिलिलिटर द्रव लागतो आणि उष्ण हवामानात तो दोन-तीन महिन्यांत वाळू लागतो. वाळलेले सीलंट म्हणजे टायरच्या आत चिकटलेले निरुपयोगी रबर होय. बंगालच्या उन्हाळ्यात सायकल गच्चीवर किंवा पत्र्याखाली ठेवणाऱ्यांनी तपासणी अधिक वेळा करावी. पावसाळ्याच्या तोंडावर नवा द्रव भरणे श्रेयस्कर आहे, कारण ओल्या रबरात काच व तार अधिक सहज शिरते आणि जूननंतर पंक्चरचे प्रमाण वाढते.

महाराष्ट्रातील सायकलस्वारांपुढे हाच प्रश्न घाटांच्या रूपाने येतो. पुण्याहून महाबळेश्वर, कोल्हापूर, बेळगावमार्गे गोव्याला जाणाऱ्या सुमारे ६४० किलोमीटरच्या 'डेक्कन क्लिफहँगर' शर्यतीत स्वारासोबत मदतीचे वाहन असते. ब्रेवेमध्ये तशी सोय नसते. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे असतात आणि दुरुस्तीत गेलेला प्रत्येक क्षण त्यातूनच वजा होतो. तेथे बारीक छिद्र आपोआप बुजणे ही मोठीच मदत आहे.

तरीही जाड भेग सीलंटने बुजत नाही. रस्त्यावरील पंक्चरवाल्याकडे मोटारसायकलीसाठी असलेली रबराची जाड वात रोड बाइकच्या पातळ टायरला चालत नाही. सायकलसाठीच्या बारीक वाती, छोटा पंप आणि एक ट्यूब ही सामग्री ट्यूबलेस वापरणाऱ्यानेही सोबत बाळगावी. वात लावूनही हवा थांबली नाही, तर वॉल्व्ह काढून ट्यूब घालावी. ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोट सावकाश फिरवावे. एरवी सीलंटने न कळत बुजवलेल्या छिद्रांतील तारा व काटे तेथेच अडकून असतात आणि नवी ट्यूब पहिल्या किलोमीटरमध्येच फाडतात. बोट कापू नये म्हणून कापडाचा तुकडा वापरावा. आणि वॉल्व्हचे नट घरी बसवताना पकडीने आवळू नये. अछिपूरच्या वाटेवर संध्याकाळी ते नुसत्या बोटांनी सोडवावे लागते.