एका चासीचे अनेक धनी : बंगळूरमधील जुन्या मोटारींच्या मालकीचा मागोवा

जुन्या मोटारीच्या मालकीचा इतिहास शोधणे हे वरवर पाहता जमिनीच्या मालकीचा इतिहास शोधण्यासारखे वाटते, परंतु जमीन जागची हलत नसल्यामुळे तिचे फेरफार एकाच गावच्या दप्तरात एकाखाली एक सापडतात, तर मोटार हलण्यासाठीच बनवलेली असल्याने तिच्या प्रत्येक मुक्कामाचे दप्तर वेगळे असते. बंगळूरमध्ये या अडचणीला आणखी एक पदर आहे. विसाव्या शतकात या शहरातली एखादी मोटार आयुष्यभर एकाच बंगल्याच्या पोर्चमध्ये उभी राहिली असती, तरी तिच्यावर अंमल असलेले सरकार, तिला लागू होणारा कायदा आणि तिच्या पाटीवरची अक्षरे बदलत गेली असती. म्हणून येथील जुन्या गाड्यांच्या मालकांची साखळी जिथे तुटते, तिथे बहुधा एखादा मालक विसरला गेलेला नसतो, तर एक सरकार जाऊन दुसरे आलेले असते.

शोधाचा आरंभ मालकाच्या नावापासून न करता चासीच्या क्रमांकापासून करावा लागतो. चासी म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, ज्यावर यंत्र, चाके व सुकाणू बसवलेले असते आणि ज्यावर कारखान्याने कोरलेला क्रमांक गाडीबरोबर शेवटपर्यंत राहणे अपेक्षित असते. यंत्राचा क्रमांक वेगळा असतो आणि पाटीवरचा नोंदणी क्रमांक सरकारने दिलेला असल्यामुळे तो बदलू शकतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या उंची गाड्यांच्या बाबतीत हा भेद अधिकच महत्त्वाचा ठरतो, कारण रोल्स-रॉइससारखी कंपनी त्या काळी पूर्ण गाडी विकतच नसे. ती केवळ चासी व यंत्र विकत असे, आणि वरची बॉडी बार्कर, हूपर, थ्रप अँड मेबर्ली यांसारखे घोडागाड्यांच्या धंद्यातून आलेले कारखानदार गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणे बांधून देत. त्यामुळे अशा गाडीला जन्मतःच दोन दप्तरे असतात, एक चासी बनवणाऱ्याचे आणि एक बॉडी बांधणाऱ्याचे, आणि दोन्ही जुळली तरच पहिल्या मालकाविषयी काही ठामपणे म्हणता येते.

रोल्स-रॉइसच्या चासीनिहाय नोंदी इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यातील पॉलर्सपरी या गावी त्या गाड्यांच्या शौकिनांच्या संस्थेने जपून ठेवल्या आहेत. त्यांतून चासी कोणासाठी मागवली गेली, तिच्यावर बॉडी कोणी चढवली आणि ती केव्हा रवाना झाली, एवढे बहुधा कळते. वसाहतीत गेलेल्या गाडीचा पहिला मालक इंग्लंडात कागदावर सापडावा आणि तिसरा किंवा चौथा मालक गावात कोणालाच सांगता येऊ नये, ही विसंगती त्यामुळेच उद्भवते.

म्हैसूर संस्थानाकडे पाहिले की ही विसंगती स्पष्ट होते. नाल्वडी कृष्णराज वडियार यांनी 1902 ते 1940 या काळात प्रत्यक्ष राज्य केले, आणि ते रोल्स-रॉइस गाड्या एकेक न घेता सात-सातच्या घाऊक संख्येने मागवत, म्हणून अशा खरेदीला विक्रेत्यांच्या बोलीत म्हैसूरचेच नाव पडले, असे मोटारींच्या जगात आवर्जून सांगितले जाते. किस्सा रंजक आहे, पण इतिहासाच्या दृष्टीने त्याचा परिणाम त्रासदायक झाला आहे. राजवाड्याने इतक्या गाड्या घेतल्या असतील तर दक्षिणेत सापडणारी कोणतीही जुनी रोल्स राजवाड्यातलीच असणार, असा सोयीचा तर्क त्यातून निघतो, आणि विकणाऱ्याला तो विशेष प्रिय असतो. राजवाड्याचे नाव जोडले की किंमत वाढते, म्हणून असे नाव जोडणाऱ्याकडेच पुराव्याचे ओझे राहिले पाहिजे.

पुराव्याने सिद्ध होणारी मालकी कशी असते याचे उदाहरण मराठी मुलखातच आहे. 1908 मध्ये 'पर्ल ऑफ द ईस्ट' या नावाची एक रोल्स-रॉइस मुंबई ते कोल्हापूर आणि परत अशा 620 मैलांच्या मोटार चाचणीत घाट ओलांडून यशस्वी झाली, आणि पुढे ती ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी विकत घेतली. चाचणी जाहीर होती व गाडीला नाव होते, म्हणून कारखान्यापासून शिंद्यांच्या मोटारखान्यापर्यंतचा प्रवास सांगता येतो. याउलट बंगळूरच्या एखाद्या डॉक्टराने किंवा कॉफीच्या मळेवाल्याने घेतलेल्या साध्या ऑस्टिन गाडीचा मागोवा कितीतरी अवघड असतो, कारण तिच्या खरेदीत बातमी होण्यासारखे काहीच नव्हते.

खुद्द बंगळूरमध्ये अडचणीचे पहिले कारण म्हणजे तिथे एकाच्या जागी दोन शहरे होती. 1809 पासून वसलेली लष्करी छावणी 1881 मध्ये, म्हणजे ब्रिटिशांनी म्हैसूरचे राज्य वडियारांना परत केले तेव्हा, सिव्हिल अँड मिलिटरी स्टेशन या नावाने ब्रिटिश रेसिडेंटच्या अंमलाखाली राहिली, तर किल्ला व पेठ असलेले जुने शहर संस्थानाकडे होते. 1914 च्या भारतीय मोटार वाहन कायद्याचा अंमल ब्रिटिश हद्दीत होता आणि संस्थानाला आपले नियम करण्याची मुभा होती. त्यामुळे छावणीतल्या अधिकाऱ्याने बदली होताना आपली गाडी पेठेतल्या व्यापाऱ्याला विकली, तर गाडी दोन-तीन मैलच सरकली तरी नोंद एका राजवटीतून दुसऱ्या राजवटीत गेली. छावणीचा प्रदेश जुलै 1947 मध्ये म्हैसूरला परत मिळाला आणि 1949 मध्ये दोन्ही नगरपालिका मिळून एक महापालिका झाली. जुन्या मालकाचा पत्ता कंटोन्मेंटचा असेल तर संस्थानच्या कागदांत त्याला शोधणे व्यर्थ ठरते, हे अनेक हौशी संशोधकांना उशिरा उमगते.

दुसरे कारण असे की बंगळूरमध्ये कोणतीही जुनी गाडी जन्मली नाही. तसे घडण्याची एक संधी होती: म्हैसूरचे माजी दिवाण एम. विश्वेश्वरय्या यांनी 1930 च्या दशकात मोटार कारखान्याची योजना आखली होती, सोलापूरचे उद्योजक वालचंद हिराचंद तिच्यात उतरायला तयार होते आणि म्हैसूर सरकारचीही तिला अनुकूलता होती. पण हिंदुस्थान सरकारने पाठबळ नाकारल्याने ती योजना बंगळूरला फळली नाही. वालचंदांनी बंगळूरमध्ये डिसेंबर 1940 मध्ये विमानांचा कारखाना काढला, आणि मोटारींसाठी त्यांना 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स मुंबईकडे उभारावी लागली. ज्या शहरात विमान बनले पण मोटार बनू शकली नाही, त्या शहरातली प्रत्येक गाडी बंदरातून किंवा दुसऱ्या प्रांतातून आली होती. शेवरोलेसारख्या अमेरिकन गाड्या तर पूर्ण आयातही नसत. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडी येथे जोडणीचा कारखाना सुरू केला आणि सुटे भाग जहाजाने आणून गाडी तिथे जोडली जाई. म्हणून अशा गाडीच्या इतिहासाचे पहिले पान अमेरिकेतल्या कारखान्याइतकेच मुंबईतही शोधावे लागते.

सर्वांत मोठी दरी मात्र 1947 नंतरच्या दशकाची आहे. मराठी वाचकाला ती सांडूर, मुधोळ, जमखंडी व बेळगाव या नावांवरून लवकर समजते. घोरपड्यांचे सांडूर संस्थान 1949 मध्ये मद्रास प्रांतात गेले आणि 1953 मध्ये बेल्लारी जिल्ह्याच्या मोठ्या भागासह म्हैसूर राज्यात आले. म्हणजे सांडूरच्या मोटारखान्यातली गाडी चार-पाच वर्षांत तीन राजवटींच्या हद्दीत उभी होती. मुधोळ व पटवर्धनांचे जमखंडी ही संस्थाने 1948 मध्ये मुंबई राज्यात विलीन झाली, आणि 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचनेत तो मुलूख बेळगाव, विजापूर, धारवाड व कारवार यांच्यासह म्हैसूरला जोडला गेला. या भागांतल्या गाड्या पुढे शिक्षण, धंदा किंवा राजकारणाच्या निमित्ताने राजधानी बंगळूरला आल्या, तेव्हा त्यांच्यामागे मुंबई किंवा मद्रासचे कागद होते, आणि पटवर्धनी संस्थानांच्या बाबतीत तर खासगी खात्याचे मराठी, क्वचित मोडीतले दप्तर. 'खासगी' म्हणजे संस्थानिकाच्या घरखर्चाचे खाते, जे दरबारी खात्यापासून वेगळे मानले जाई. गाडी कोणत्या खात्यातून घेतली गेली यावर विलीनीकरणानंतर ती कोणाची, हे ठरत होते.

येथे एक बारीक पण निर्णायक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. विलीनीकरण करारांच्या नेहमीच्या मसुद्यात संस्थानिकाने आपल्या खासगी मालमत्तेची यादी सरकारला द्यावी असे कलम असे, पण त्यात उल्लेख असे तो स्थावर मालमत्ता, रोखे व रोकड यांचा. मोटारींचा त्यात वेगळा निर्देश नव्हता. राजवाडा, बाग आणि बँकेतली शिल्लक यांची नोंद झाली, पण मोटारखान्यात रांगेने उभ्या असलेल्या, कधी कधी एखाद्या वाड्याइतक्या किमतीच्या गाड्या यादीत येणे बंधनकारक राहिले नाही.

भाषावार राज्ये झाल्यावर नोंदणी क्रमांकांतून थोडा प्रकाश मिळतो. 1939 च्या मोटार वाहन कायद्याने प्रत्येक प्रांताला अक्षरे नेमून दिली होती. म्हैसूरच्या गाड्यांवर एमवाय ही दोन अक्षरे व त्यांच्या जोडीला तिसरे अक्षर असे, तर मुंबईकडच्या अनेक मालिका बीएमने सुरू होत. बंगळूरमध्ये उभ्या असलेल्या गाडीवर बीएम असेल तर ती मुंबई राज्यातून आली हे कळते. पण ती पुण्याहून आली की 1956 पूर्वीच्या बेळगावहून, हे कळायला तिसऱ्या अक्षराचा अर्थ लावावा लागतो. संस्थानिकांच्या गाड्यांना हा नियमही पुरता लागू पडत नाही, कारण त्यांच्यावर लाल पाटी असे आणि तिच्यावर संस्थानाचे नाव. सर्वसाधारण मालिकेबाहेरचा हा मान 1971 च्या डिसेंबरमध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने, संस्थानिकांना सरकारकडून मिळणाऱ्या तनख्यांबरोबर, संपुष्टात आला. म्हैसूरचा तनखा वर्षाला 26 लाख रुपये होता. तो थांबल्यावर राजघराण्यांनी नोकरवर्ग कमी केला आणि ज्यांना रोज पुसायला माणूस लागतो अशा गाड्या विकायला काढल्या.

त्या कुठे गेल्या याचे एक उत्तर बंगळूरच्या जे. सी. रोडवर मिळते. मोटारींच्या सुट्या भागांसाठी दक्षिणेत प्रसिद्ध असलेल्या या रस्त्याला म्हैसूरचे शेवटचे महाराज जयचामराजेंद्र वडियार यांचे नाव आहे, हा योगायोग इतिहासाने मुद्दाम घडवल्यासारखा वाटतो. 1973 नंतर पेट्रोल महागले तेव्हा आठ सिलिंडरच्या अमेरिकन गाडीची किंमत तिच्या लोखंडाच्या वजनाइतकी उतरली. कित्येकांचे मूळ यंत्र काढून तिथे डिझेलचे यंत्र बसवले गेले, काहींची बॉडी कापून माल वाहण्याची सोय केली गेली. आज यंत्राचा क्रमांक कारखान्याच्या नोंदीशी जुळत नाही म्हणून संग्राहक खंतावतात, परंतु ज्या मेस्त्रीने ते यंत्र बदलले त्याने गाडी चालू ठेवली, आणि चालू राहिली म्हणूनच ती भंगारात गेली नाही.

त्याच सुमारास परदेशी खरेदीदारांनी भारतातून बऱ्याच संस्थानी गाड्या नेल्या आणि पुढे सरकारने जुन्या मोटारींच्या निर्यातीवर निर्बंध घातले. गंमत म्हणजे परदेशी गेलेल्या गाड्यांची साखळी अधिक नीट जुळते, कारण लिलाव करणाऱ्या संस्था मालकांची यादी छापतात. राजकोटच्या ठाकोरसाहेबांसाठी 1934 मध्ये बांधलेली 'स्टार ऑफ इंडिया' नावाची रोल्स-रॉइस याच मार्गाने बाहेर गेली आणि 2010 मध्ये लिलावातून त्याच घराण्याकडे परतली. बंगळूरमध्येच राहिलेल्या गाडीचे असे छापील चरित्र सहसा नसते.

1988 च्या मोटार वाहन कायद्याने, जो 1 जुलै 1989 पासून अमलात आला, नोंदणीचा साचाच बदलला. राज्याची दोन अक्षरे व कार्यालयाचा आकडा अशी रचना आली. बंगळूरच्या गाड्यांवर केए 01, केए 03, केए 05 असे क्रमांक दिसू लागले आणि बेळगावला केए 22 मिळाले. हस्तांतरणाची सूचना नमुना 29 वर, अर्ज नमुना 30 वर, मालकाच्या मृत्यूनंतर वारसाचा अर्ज नमुना 31 वर आणि दुसऱ्या राज्यात नेताना ना हरकत प्रमाणपत्र नमुना 28 वर, अशी सुबक व्यवस्था झाली. पण खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांपुरतीच झाली आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण आवश्यक ठरले, तेव्हा गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या आणि रस्त्यावर न येणाऱ्या गाड्यांचे आरसी बुक, म्हणजे नोंदणीचे पुस्तक, सहज कालबाह्य झाले. मृत वडिलांच्या नावावरची गाडी मुलांनी नमुना 31 न भरताच तिसऱ्याला देणे ही तर घरोघरची रीत होती; अशा गाडीचा खरा मालक आणि कागदावरचा मालक यांच्यात एक पिढीचे अंतर पडते.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै 2021 मध्ये केलेल्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या व ज्यांच्या चासी, बॉडी किंवा यंत्रात मोठा फेरबदल झालेला नाही अशा गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी ओळख दिली. इंग्लंडमधील शौकिनांच्या परिभाषेत हाच शब्द 1919 ते 1930 मधील गाड्यांपुरता मर्यादित आहे, त्यामुळे भारतीय कायद्यातला अर्थ बराच सैल म्हणावा लागतो. नव्याने नोंद होणाऱ्या गाडीला राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए ही अक्षरे मिळतात, त्यासाठी 20,000 रुपये शुल्क पडते, नोंदणी दहा वर्षे चालते आणि गाडी प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती व इंधन भरणे अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. अर्जासोबत आयात केलेल्या गाडीचा जकातीचा कागद आणि आधी नोंद झालेल्या गाडीचे जुने आरसी बुक मागितले जाते, म्हणजे ज्या कागदांचा मागोवा हा सारा खटाटोप आहे, तेच कागद. ज्यांची नोंद शाबूत आहे त्यांना जुना क्रमांक ठेवता येतो. त्यामुळे कब्बन पार्कजवळून निघालेल्या फेरीत एमवायची पाटी लावलेली गाडी आणि कोरी व्हीएची पाटी लावलेली गाडी शेजारी शेजारी उभ्या असतात, आणि त्यांतली कोरी पाटीवालीच बंगळूरमध्ये आधी आलेली असू शकते.