७८६ आणि ७३

उलेमांत मतभेद असले, तरी पत्राच्या माथ्यावर ७८६ लिहीत आलेल्या आम्हा लोकांना आकड्यांतली दुआ नवी नाही. हौशी रेडिओवाल्यांचा निरोपाचा ७३ मात्र अबजदचा नव्हे, तारबाबूंचा. १८५७ मध्ये अमेरिकी तारेवर त्याचा अर्थ 'माझे प्रेम' असा होता. १८५९ च्या वेस्टर्न युनियनच्या यादीत तो नुसता अदबीचा सलाम झाला. प्रेम पुढे ८८ च्या वाट्याला आले! क्यूने सुरू होणारे त्र्यक्षरी संकेत मुळात ब्रिटिश जहाजांसाठी. १९१२ च्या लंडन कराराने ते जगाचे झाले. क्यूटीएच म्हणजे ठिकाण, क्यूआरएम म्हणजे दुसऱ्या केंद्रांचा गोंगाट. भाषा न जुळणारेही त्यावर बोलतात. जॉर्डनचे शाह हुसेन जेवाय-१ या खुणेने हवेत येत. तिथे बादशहालाही तेच ७३. १९९९ मध्ये ते वारले. डिसेंबर २०१८ मध्ये जॉर्डनच्या विद्यार्थ्यांचा चिमुकला उपग्रह तीच खूण घेऊन आकाशात गेला.