तबक ते ट्रे

स्मरणिका समितीच्या मंडळींनी "काका, तुम्ही सोसायटीचा इतिहास लिहा" असे सांगितले, तेव्हा मी हात जोडले. सोसायटीचा इतिहास इतिवृत्ताच्या वह्यांत आहेच, आणि पाण्याच्या टाकीवरून कोण कोणाला काय बोलले हे रौप्यमहोत्सवात पुन्हा छापण्यात शहाणपण नाही. मग लिहायचे कशावर? ऑफिसात बसून विचार करत होतो. समोरच्या भिंतीवर नोंदणी प्रमाणपत्र, आणि त्याच्या शेजारी खिळ्याला टांगलेला तो लाल ट्रे. फुलांची किनार, मध्यभागी कमळ. नवीन सभासद विचारतात, "हे काय, बक्षीस मिळालं होतं का?" ठरवले, ह्याच्यावरच लिहायचे. त्या निमित्ताने एक गोष्टही सांगायची आहे, जी मी पंचेचाळीस वर्षांत घराबाहेर कोणाला सांगितलेली नाही.

आता आपण सरसकट 'ट्रे' म्हणतो. आमच्या लहानपणी शब्द होता तबक. हा मूळचा अरबी शब्द, फारसीतून मराठीत आला आणि इतका मुरला की आरतीचे तबक म्हणताना कोणाला तो परका वाटत नाही. दरबारात मानाची वस्त्रे, विडे, अत्तर तबकात घालून, वर रुमाल झाकून पुढे येत. वस्तू नुसती हातात देणे आणि तबकातून पुढे करणे यात फरक आहे. तबक आले की समोरच्याने समजावे, आपला मान ठेवला जातो आहे.

हा मान दाखवायचा म्हणून तबकावर कारागिरी आली. आपल्या आजूबाजूला पाहिले तरी त्याचे किती प्रकार! पुण्याच्या कसबा पेठेतले तांबट तांब्याच्या पत्र्यावर हातोडीने एकसारखे ठोके देऊन मठारकाम करतात. त्या ठोक्यांमुळे पत्रा घट्ट होतो आणि चकाकतोही, म्हणजे शोभा आणि मजबुती एकाच कामात. बिदरचे कारागीर जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूचे ओतीव काम करतात, त्यात चांदीची तार ठोकून बसवतात, आणि मग बिदरच्या किल्ल्यातली माती व नवसागर यांच्या पाण्यात ती वस्तू घालतात. धातू काळाकुळकुळीत होतो, चांदी मात्र तशीच पांढरी राहते. काश्मिरात कागदाच्या लगद्याची तबके करून त्यावर बारीक कुंचल्याने फुले-पाने काढतात.

कागदाचा ट्रे म्हटले की हसू येते, पण इंग्रजांनीही तेच केले. बर्मिंगहॅमच्या हेन्री क्ले नावाच्या माणसाने १७७२ मध्ये एक पेटंट घेतले. कागदाचे थर खळीने एकावर एक चिकटवायचे, तेल देऊन भट्टीत भाजायचे. असा कागद लाकडासारखा करवतीने कापता येई. त्यावर काळे चकचकीत रोगण आणि वर रंगीत फुले, की झाला चहाचा ट्रे! ते काळे रोगण म्हणजे जपानी लाखकामाची नक्कल. खरे जपानी काम झाडाच्या चिकापासून होते. आपली लाख पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर राहणाऱ्या किड्यांपासून मिळते. साहित्य निरनिराळे, हौस सगळीकडे सारखीच.

आपल्याकडे तबकाचा ट्रे झाला तो चहामुळे. आधी पाहुण्याला गूळ-पाणी आणि पानसुपारी असे. चहा ही सुरुवातीला साधी गोष्ट नव्हती. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक वगैरे मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली, त्यावरून ग्रामण्य उभे राहिले आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेले. पुढे चहा घरोघर रुळला, तरी सगळ्यांना एका ट्रेतून मिळू लागला असे नाही. माझ्या आजोळी ओसरीबाहेरच्या कोनाड्यात दोन कान तुटके कप वेगळे ठेवलेले असत. ते कोणासाठी, हे मला बऱ्याच उशिरा कळले. ते कप ट्रेमध्ये आलेले मी कधी पाहिले नाहीत. इतिहास लिहायचा तर हेही लिहिले पाहिजे.

ट्रेची दुसरी आठवण कांदेपोह्यांची. मुलगी ट्रे घेऊन बाहेर येणार आणि समोरचे पाच-सहा जण तिची चाल पाहणार. माझी धाकटी बहीण आदल्या दिवशी पाण्याने भरलेले कप ट्रेमध्ये ठेवून माजघर ते ओटी अशा फेऱ्या मारत होती. आम्ही भाऊ हसत होतो. आमच्यापैकी एकालाही तो ट्रे धरून कधी कोणाच्या पुढे जावे लागले नव्हते.

आता सावंतवाडीकडे येतो, कारण आपल्या ऑफिसातला ट्रे तिथला आहे. तिथल्या चितार आळीत पिढ्यान्‌पिढ्या लाकडाचे आणि लाखेचे काम चालते. पाट, चौरंग, पाळण्यावरची चिमणाळी, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची खेळणी आणि फळे. गोल वस्तू साच्यावर फिरवतात आणि फिरत्या लाकडाला लाखेची रंगीत कांडी टेकवतात. घर्षणाने लाख वितळते आणि लाकडावर बसते. वरून केवड्याचे पान दाबून धरले की तकाकी येते. चपट्या ट्रेची रीत निराळी. लाकूड घासायचे, लेप देऊन गुळगुळीत करायचे, जमिनीचा रंग द्यायचा, मग किनार, मग मधले चित्र, आणि शेवटी रोगण.

या चितारी मंडळींची खरी शान म्हणजे गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून ते करतात. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, असे १२० पत्ते. छापील पत्ते स्वस्तात मिळू लागले आणि ही कला जवळपास संपली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी उरल्यासुरल्या जाणत्या कारागिराकडून ती स्वतः शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारखाना सुरू केला. दरबार हॉलमध्ये जमिनीवर बसून मुले-मुली चित्रे रंगवत आहेत, हे दृश्य मी पाहिलेले आहे. पत्ते खेळणारे उरले नव्हते, तेव्हा तीच किनार आणि तीच कमळे ट्रेवर, डब्यांवर, चौरंगांवर आली. कला जगवायला ट्रेचा असा उपयोग झाला.

मी तिथल्या शाखेत १९७९ मध्ये रुजू झालो. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा व्हायचा होता, तो १ मे १९८१ ला झाला. बँकांच्या राष्ट्रीयीकरणाला दहा वर्षे झाली होती आणि गरिबांसाठी चार टक्के व्याजाची कर्ज योजना सुरू होती. अर्जदाराच्या घरी जाऊन पाहणी करायची आणि शिफारस लिहायची, हे माझे काम. एका चितारी कारागिराचा अर्ज आला. लाकूड, लाख आणि रंगासाठी १,५०० रुपये हवे होते.

मी त्याच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत ट्रे वाळत ठेवले होते, लाल, हिरवे, काळे. त्याने चहा आणला तो मात्र पितळेच्या साध्या ताटात. मी सहज विचारले, "एवढे ट्रे घरात असताना ताट का?" तो म्हणाला, "ते विकूचे, साहेबानू. आमका पितळेचां ताटच बरां."

एका ट्रेला कप ठेवण्याच्या जागीसुद्धा बारीक नक्षी होती. मी म्हटले, "इथे कप ठेवल्यावर हे दिसणार कुठे? एवढा वेळ कशाला घालवता?" त्याने माझ्याकडे जरा नवलाने पाहिले. म्हणाला, पाहुण्याने कप उचलला की खालचे फूल त्यालाच दिसते. घरच्यांसाठी किनार पुरे, मधले काम पाहुण्यासाठी.

हे ऐकून मी परत आलो आणि अर्जावर लिहिले : "शोभेच्या वस्तूंना निश्चित बाजारपेठ नाही. शिफारस नाही." त्याच आठवड्यात दोन म्हशींची कर्जे मी डोळे झाकून दिली होती. म्हशीचे दूध लिटरमध्ये मोजता येत होते, फुलाचे काय मोजणार? नियमाने मी चूक केली असे कोणी म्हणणार नाही. वरिष्ठांनी तर 'सावध अधिकारी' म्हणून पाठ थोपटली.

तीन वर्षांनी माझी बदली झाली. निरोप समारंभाला सहकाऱ्यांनी भेट म्हणून ट्रे करून घेतला होता, आणि तो पोचवायला नेमका तोच कारागीर शाखेत आला. कागदात गुंडाळलेला ट्रे त्याने टेबलावर ठेवला, पैसे मोजून घेतले, मला नमस्कार केला आणि गेला. एक शब्द बोलला नाही. कर्ज न मिळता त्याने सामान कसे आणले असेल, हे मी विचारले नाही. विचारायला हवे होते. घरी येऊन कागद सोडला. लाल जमीन, फुलांची किनार, मध्ये कमळ आणि सहा कपांच्या जागी सहा लहान फुले.

तो ट्रे आमच्या घरी सतरा-अठरा वर्षे कपाटावर राहिला. रोजचा चहा येई तो स्टीलच्या ट्रेतून, नाहीतर बर्फाच्छादित डोंगराचे चित्र असलेल्या सनमायकाच्या ट्रेतून. हा काढला की मला तो नमस्कार आठवे, म्हणून मीच "खराब होईल, राहू दे" म्हणायचो.

मग आपण सगळे इथे राहायला आलो. पहिल्या सर्वसाधारण सभेला ना खुर्च्या होत्या, ना कपबश्या. कप पाच घरांतून गोळा केले. ट्रे कुठे आहे म्हणताना आमच्या सौ.ने मला न विचारता कपाटावरचा तो ट्रे खाली काढला. त्या संध्याकाळी जिन्याच्या उजेडात, पाच घरांचे पाच तऱ्हांचे कप त्या एका ट्रेमधून फिरले. कोणी कोणाचा कप पाहिला नाही. शेवटचा कप उचलल्यावर एक वहिनी म्हणाल्या, "अय्या, खाली फुलं आहेत!" पंचवीस वर्षांपूर्वीचे ते वाक्य मला अजून ऐकू येते.

ट्रे घरी परत आला नाही, तो सोसायटीचाच झाला. हळदीकुंकू, गणपतीचा प्रसाद, कोजागिरीचे दूध यांत तो असे. कोणाच्या घरी वाईट घडले तर शेजारून चहा त्याच ट्रेतून जाई. मग यूज अँड थ्रोचे पेले आले, चहा थर्मासमधून नळाखाली धरून घ्यायचा असे झाले. आठ-नऊ वर्षांपूर्वी ऑफिसला रंग काढला तेव्हा कोणीतरी आदराने तो ट्रे भिंतीवर लावला. हिचे तेव्हापासून एकच म्हणणे : "ट्रे म्हणजे काय फोटो आहे भिंतीवर टांगायला?"

आज आपल्या इमारतीत हौसेला तोटा नाही. रुखवताची तबके, साखरपुड्याच्या अंगठीचे ट्रे, वारली चित्रांचे ट्रे, आतमध्ये खरी फुले गोठवलेले पारदर्शक रेझिनचे ट्रे. गणेशोत्सवातल्या आरतीचे ताट सजावट स्पर्धेत गेल्या वर्षी मी परीक्षक होतो. कामे सुंदर होती. पण बक्षीस समारंभ झाल्यावर ती ताटे तशीच कपाटात गेली, एकातूनही आरती झाली नाही. मी दोष देत नाही, मीही अठरा वर्षे तेच केले. एवढेच वाटते, की सजवलेला ट्रे पाहुण्यापुढे गेला नाही तर कारागिराचे अर्धे काम कोणी पाहतच नाही.

सावंतवाडीच्या गंजिफाला अलीकडे भौगोलिक मानांकन मिळाले. बातमी वाचली तेव्हा मी ती दोनदा वाचली. "निश्चित बाजारपेठ नाही" असे लिहिणारा माझा हात आठवला.

म्हणून समितीला एक विनंती आहे. रौप्यमहोत्सवाच्या दिवशी तो ट्रे भिंतीवरून काढावा. ओल्या फडक्याने किंवा साबणाने पुसू नये, कोरडे मऊ कापड घ्यावे. कप आपापल्या घरून आणावेत, एकसारखे नसले तरी चालतील. बिनसाखरेचे डाव्या बाजूला ठेवू.

चहाची पहिली फेरी मी घेईन. आयुष्यात ट्रे घेऊन कोणाच्या पुढे गेलेलो नाही आणि हातही आता थोडा थरथरतो. सांडले तर सांभाळून घ्यावे. आणि कप उचलल्यावर खाली जरूर पाहावे.